स्वस्त लॅपटॉपची निवड : आधी काम, मग किंमत

धानाची शेती, मालगुजारी तलाव आणि वनसंपदा ही गोंदिया जिल्ह्याची जुनी ओळख. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या आठ तालुक्यांचा हा प्रदेश राज्याच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेला लागून आहे. त्या काळी ग्रामपंचायतीचे दप्तर म्हणजे एक लाकडी कपाट आणि त्यातील कापडी बांधणीच्या नोंदवह्या, असेच चित्र सर्वत्र होते.

आज त्या कपाटाशेजारी संगणक येऊन बसला आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा व खर्चाचा हिशेब २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर नोंदवावा लागतो. जन्ममृत्यूची नोंद संगणकावर होते. शाळेची वार्षिक माहिती यू-डायस प्रणालीत भरावी लागते. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी शेतकऱ्याला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीला मुदत असते. अशा मुदतीच्या अखेरच्या दिवशी यंत्र थांबले, तर त्यापुढे बसलेल्या कर्मचाऱ्याबरोबरच रांगेतील शेतकरी, दाखल्यासाठी आलेली विद्यार्थिनी आणि शिष्यवृत्तीची वाट पाहणारे पालक असे सारेच थांबतात. म्हणून ग्रामपंचायत किंवा शाळा लहानसा, स्वस्त लॅपटॉप विकत घेते, तेव्हा तो व्यवहार काही हजारांचा असला तरी त्याचे परिणाम गावाला अनेक वर्षे भोगावे लागतात.

काटकसर हा सार्वजनिक खर्चाचा धर्मच आहे. तथापि बाजारातील सर्वांत कमी किमतीचे यंत्र सर्वांत स्वस्त ठरेलच, असे मात्र नाही. बैल विकत घेताना शेतकरी शिंगांची रंगोटी पाहत नाही. तो दात मोजतो आणि चालवून पाहतो. लॅपटॉपच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवली, तर फसगत टळते.

प्रथम कामांची यादी

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर कामांची यादी लिहून काढणे ही निवडीची पहिली पायरी होय. पत्रव्यवहार व तक्ते, शासकीय संकेतस्थळांवर माहिती भरणे, दाखले छापणे, कागदपत्रे स्कॅन करणे, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणे, दूरदृश्य बैठकीत भाग घेणे आणि वर्गात एखादी चित्रफीत दाखवणे, एवढ्यात ग्रामपंचायत व प्राथमिक शाळा यांची बहुतेक कामे येतात. यांपैकी कोणत्याही कामास महागडे यंत्र लागत नाही. मात्र यातील काही कामे अशी आहेत की ती अगदी हलक्या यंत्राला पेलत नाहीत, आणि काही तर विशिष्ट प्रकारच्या यंत्रावर होतच नाहीत.

यादीत आणखी एका प्रश्नाचे उत्तर असले पाहिजे. यंत्र जागचे हलणार आहे काय? ग्रामसभेत आराखडा दाखवायचा असेल, दोन पाड्यांच्या शाळा एकाच शिक्षकाला सांभाळायच्या असतील, किंवा वीज वारंवार जात असेल, तर लॅपटॉप योग्य ठरतो. यंत्र कायम एकाच मेजावर राहणार असेल, तर टेबलावरचा संगणक अधिक सोयीचा. त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपमध्ये बरेचसे भाग एकाच पाटीवर पक्के जोडलेले असतात.

२००७ सालचा धडा

स्वस्त आणि लहान लॅपटॉपची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमातील भारतामधील पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एका लहानशा जिल्हा परिषद शाळेत झाला. ते यंत्र मोठ्या विचारपूर्वक बनवलेले होते. भर उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ आत शिरू न देणारा कळफलक आणि अत्यल्प वीजवापर ही त्याची वैशिष्ट्ये होती. त्याची किंमत शंभर डॉलर असावी असा मूळ संकल्प होता. प्रत्यक्षात ती जवळजवळ दुपटीवर गेली.

त्याच वर्षी तैवानच्या असूस कंपनीने सात इंची पडद्याचा एक छोटा लॅपटॉप बाजारात आणला. त्यातील साठवण अवघी ४ जीबी होती. त्या प्रकारच्या यंत्रांना पुढे ‘नेटबुक’ हे नाव पडले आणि काही वर्षांतच ती बाजारातून नाहीशी झाली. यंत्रे मोडली म्हणून हे घडले असे नाही. संकेतस्थळे जड झाली, आज्ञावल्या मोठ्या झाल्या आणि यंत्र मात्र होते तेवढेच राहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ या प्रणालीला किमान ६४ जीबी साठवण लागते, म्हणजे त्या २००७ च्या यंत्राच्या सोळापट. यावरून असा बोध घ्यावा की, आजच्या कामापुरते नेमके पुरणारे यंत्र उद्याच्या कामाला अपुरे पडते. निवड करताना चार-पाच वर्षे पुढे पाहिले पाहिजे.

मेज आणि कपाट

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात जीबीचे दोन आकडे ठळकपणे दिलेले असतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला आकडा रॅमचा, म्हणजे यंत्राच्या कार्यकारी स्मृतीचा. दुसरा साठवणीचा. कार्यालयाच्या भाषेत सांगायचे तर रॅम म्हणजे कारकुनाचे मेज आणि साठवण म्हणजे दप्तराचे कपाट. कपाट कितीही मोठे असले तरी मेज लहान असेल, तर एका वेळी एकच फाईल उघडता येते. दुसरी उघडण्यासाठी पहिली बाजूला करावी लागते. लॅपटॉप मंद चालतो त्याचे सर्वसाधारण कारण हेच असते.

स्वस्त यंत्रांत बहुधा ४ जीबी रॅम असते. विंडोज ११ चालू होताच त्यातील निम्म्याहून अधिक जागा स्वतःच व्यापते. मग एक संकेतस्थळ, एक तक्ता आणि एक दूरदृश्य बैठक एकदम उघडली की यंत्र अडखळू लागते. यास्तव विंडोजवर काम करायचे असल्यास ८ जीबी रॅम ही किमान मर्यादा मानणे इष्ट. रॅम पुढे वाढवता येईल काय, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. अनेक स्वस्त लॅपटॉपांत ती मुख्य पाटीवर पक्की जोडलेली असते व नंतर वाढवता येत नाही.

साठवणीचे प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क मंद असते आणि धक्क्याने बिघडते. ‘ईएमएमसी’ या प्रकारची साठवण स्वस्त यंत्रांत ६४ किंवा १२८ जीबी एवढी असते व तीही पाटीवर पक्की जोडलेली असते. तिसरा प्रकार ‘एसएसडी’. ती वेगवान असते आणि बहुतेक यंत्रांत बदलता येते. ६४ जीबीच्या यंत्रात विंडोज व तिच्या सोबतच्या आज्ञावल्या बरीच जागा घेतात. पुढे स्कॅन केलेली कागदपत्रे साचू लागली की प्रणालीच्या अद्ययावतीकरणालाही जागा उरत नाही. सुरक्षेची अद्ययावतीकरणे खोळंबली, की नागरिकांची माहिती साठवलेले यंत्र असुरक्षित बनते. २५६ जीबी एसएसडी असलेले यंत्र काही हजारांनी महाग पडले तरी तो खर्च सार्थकी लागतो.

नावापेक्षा पिढी पाहावी

यंत्राचा प्रोसेसर निवडताना नावाचा मोह पडतो. ‘आय फाइव्ह’ म्हटले की उत्तम आणि इतर सर्व सामान्य, असा समज रूढ आहे. वस्तुतः नावापेक्षा प्रोसेसर कोणत्या वर्षीचा आहे हे अधिक महत्त्वाचे असते. इंटेल कंपनीचा २०२३ साली आलेला ‘एन १००’ हा साधा, चार कोअरचा प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमधील आय फाइव्हच्या बरोबरीला येतो आणि वीजही फार थोडी घेतो. उलटपक्षी २०१९ च्या सुमारास आलेला दोन कोअरचा ‘सेलेरॉन एन ४०२०’ नव्या वेष्टनातील यंत्रात आढळला, तरी तो जुनाच समजावा. ग्रामपंचायत व शाळेच्या कामास ‘एन १००’ किंवा त्याच्या तोडीचा प्रोसेसर पुरेसा आहे. तक्ते मोठे असतील व एका वेळी अनेक कामे चालणार असतील, तर अलीकडच्या पिढीचा आय थ्री अथवा रायझन थ्री घ्यावा.

डिजिटल स्वाक्षरी आणि मराठी लेखन

स्वस्तातील काही यंत्रे विंडोजवर चालत नाहीत. २०२३ साली १६,४९९ रुपयांस बाजारात आलेला जिओबुक हा लॅपटॉप अँड्रॉइडवर आधारित प्रणालीवर चालतो, तर क्रोमबुक गूगलच्या प्रणालीवर. वाचन, चित्रफिती आणि विद्यार्थ्यांचा अभ्यास यांसाठी अशी हलकी यंत्रे उपयोगी पडतात. परंतु डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनांची आज्ञावली मुख्यतः विंडोजसाठी केलेली असते. काही टोकने लिनक्सवरही चालतात. म्हणून ज्या यंत्रावरून देयके मंजूर करायची किंवा दाखले स्वाक्षरित करायचे, त्या यंत्रावर आपले टोकन प्रत्यक्ष चालवून पाहिल्याखेरीज खरेदी करू नये. काही यंत्रांत विंडोजचा ‘एस मोड’ चालू असतो. त्यात बाहेरील आज्ञावली बसवता येत नाही. हा मोड विनामूल्य बंद करता येतो, मात्र एकदा बंद केल्यावर पुन्हा चालू करता येत नाही. ‘डॉस’ असे लिहिलेल्या यंत्राची किंमत कमी दिसते, कारण विंडोजचा परवाना त्यात धरलेला नसतो.

मराठीचा विचार तर अगत्याने झाला पाहिजे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत विनामूल्य मिळतो. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो, शोधता येतो आणि संकेतस्थळावर भरता येतो. कार्यालयातील जुना मजकूर मात्र पुष्कळदा जुन्या फाँटमध्ये असतो. नव्या यंत्रावर तो फाँट नसला की अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसतात. कर आकारणीची नोंदवही अशा फाँटमध्ये असल्यास ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्याचे काम खरेदीबरोबरच हाती घ्यावे.

विद्यार्थ्यांच्या सरावासाठी मुक्त प्रणालीचा पर्यायही विचारात घ्यावा. सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. लिब्रेऑफिस ही लेखन व तक्ते यांची आज्ञावलीही विनामूल्य मिळते. परवान्याचा खर्च वाचतो आणि जुने यंत्रही पुन्हा उपयोगात येऊ शकते.

ऊन, पाऊस आणि वीज

माहितीपत्रके वातानुकूलित खोली डोळ्यांसमोर ठेवून लिहिली जातात. बहुतेक लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावेत, असे त्यांत नमूद असते. गोंदियात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. पंखा नसलेले यंत्र शांत व धूळमुक्त राहते खरे, पण फार तापल्यास ते स्वतःचा वेग कमी करते. पंखा असलेल्या यंत्रात धानाच्या मळणीच्या दिवसांत कोंडा व धूळ साचते. यास्तव यंत्र पत्र्याच्या छपराखाली दुपारी तासन्‌तास चालवू नये, ते कापडावर वा गादीवर ठेवू नये आणि वर्षातून एकदा त्याची अंतर्गत स्वच्छता करवून घ्यावी. पावसाळ्यात ते महिनोन्‌महिने पेटीत बंद ठेवण्याऐवजी आठवड्यातून एकदा तरी चालू करावे.

विजेच्या बाबतीत लॅपटॉप फायद्याचा ठरतो. पडद्यासह टेबलावरच्या संगणकाला शंभर वॅटच्या आसपास वीज लागू शकते. लहान लॅपटॉप साध्या कामात आठ ते दहा वॅटमध्ये भागवतो. यावरून बॅटरीचा हिशेब सहज मांडता येतो. बॅटरीवर ३८ वॅट-तास असे लिहिले असेल आणि यंत्र दहा वॅट घेत असेल, तर ती पावणेचार ते चार तास टिकेल. ‘दहा तास’ या जाहिरातीपेक्षा हा भागाकार अधिक विश्वसनीय. दोन-तीन वर्षांनी बॅटरीची शक्ती कमी होते, म्हणून ती बदलता येते काय व कितीला मिळते हे आधीच विचारावे. चार्जर तीन पिनांचा असेल, तर भिंतीतील खोबणीला अर्थिंग असल्याची खात्री करून घ्यावी.

पडदा अकरा इंची असेल, तर ओझे कमी होते. परंतु दिवसभर तक्ते भरणाऱ्याच्या डोळ्यांना चौदा इंची पडदाच मानवतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यापेक्षा तक्त्याच्या अधिक ओळी दिसतात. प्रिंटर, टोकन व माउस एकाच वेळी जोडता यावेत यासाठी किमान तीन यूएसबी जागा असाव्यात. पातळ यंत्रांत इंटरनेटच्या तारेसाठी जागा नसते. ग्रामपंचायतीत तारेवाटे जोडणी असेल, तर त्यासाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागेल.

वापरलेली यंत्रे

कंपन्यांनी वापरून काढलेली व दुरुस्त केलेली यंत्रे निम्म्या किमतीत मिळतात. ती सरसकट त्याज्य नव्हेत, त्यांचा सांगाडाही पुष्कळदा मजबूत असतो. तथापि विंडोज १० साठीचा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवरच अधिकृतपणे चालते. पिढी ओळखणे सोपे आहे. ‘आय फाइव्ह ८२५०’ यातील चार आकड्यांपैकी पहिला आकडा आठ, म्हणून ती आठवी पिढी. तेथे सहा असेल तर सहावी. सहाव्या पिढीचे यंत्र लिनक्सवर विद्यार्थ्यांच्या सरावासाठी चालेल. पंचायतीच्या देयकांसाठी मात्र ते घेऊ नये.

किंमत आणि खर्च

समजा, एक यंत्र २२,००० रुपयांस मिळते व दोन वर्षांत अपुरे पडते. दुसरे ३२,००० रुपयांचे असून पाच वर्षे काम देते. पहिल्याचा वार्षिक खर्च ११,००० रुपये, तर दुसऱ्याचा ६,४०० रुपये. दहा हजारांनी महाग दिसणारे यंत्रच येथे स्वस्त ठरते. दरपत्रकांची तुलना करताना १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला आहे की नाही, हे पाहावे. ३०,००० रुपये एवढ्या मूळ किमतीला कर जोडला की ती ३५,४०० रुपये होते.

हमीचा कालावधी जितका महत्त्वाचा, तितकेच सेवेचे ठिकाणही महत्त्वाचे. सेवा केंद्र गोंदिया शहरात आहे, की प्रत्येक वेळी यंत्र नागपुरास पाठवावे लागणार आहे? ‘जागेवर सेवा’ असे लिहिलेले असेल, तर ती आपल्या गावाच्या पिनकोडला लागू आहे काय? देवरी वा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील टोकाच्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न किमतीइतकाच निर्णायक आहे. खरेदी प्रचलित नियमांनुसार करावी. शासकीय खरेदीसाठी २०१६ पासून जेम हे संकेतस्थळ उपलब्ध आहे. तेथे मागणी नोंदवताना केवळ ‘लॅपटॉप’ असे न लिहिता रॅम, साठवणीचा प्रकार, प्रोसेसर, पडदा, प्रणाली व हमी यांचा स्पष्ट उल्लेख करावा. मोघम मागणीला सर्वांत स्वस्त व सर्वांत अपुरे यंत्र येण्याचा संभव असतो.

यंत्र हाती आल्यावर त्यावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह पाहावे. मागणीपत्रातील प्रत्येक बाब यंत्राच्या माहिती-पटलाशी ताडून घ्यावी. त्यानंतर आपले टोकन, प्रिंटर व मराठी कळफलक चालवून पाहावेत, एक दूरदृश्य बैठक करून पाहावी आणि मगच जडवस्तू नोंदवहीत नोंद घेऊन देयक मंजूर करावे.

दप्तराचे रक्षण

यंत्र कितीही चांगले असले तरी ते कधी ना कधी बंद पडणारच. म्हणून नोंदींची एक प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर ठेवावी व ती डिस्क वेगळ्या कपाटात असावी. यंत्राचा परवलीचा शब्द पडद्याला चिकटवलेल्या कागदावर लिहू नये. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन काम संपताच काढून ज्याचे त्याने स्वतःजवळ ठेवावे. टोकन दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय. कालबाह्य यंत्र भंगारवाल्याला न विकता त्यातील माहिती पूर्णतः पुसून ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच. पण अंथरूण इतकेही आखूड नसावे की रात्रभर झोप लागू नये. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, अलीकडचा साधा प्रोसेसर, चौदा इंची पडदा आणि जवळची दुरुस्ती एवढ्या पाच गोष्टी जमून आल्या, तर गावाची बहुतेक कामे निर्वेधपणे पार पडतात. त्याहून अधिकाचा मोह नको आणि त्याहून कमीवर समाधानही नको. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत खरेदीचा विषय येईल, तेव्हा सदस्यांनी किमतीच्या आधी कामांची यादी मागावी. रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा सातबारा पहिल्या प्रयत्नात त्याच्या हाती पडला, तर ती खरेदी योग्य ठरली असे समजावे.